चार तुकडे, एक काठी: फ्लाय रॉडचे जोड न स्क्रू, न गोंद, तरी घट्ट कसे बसतात?

मुंबई-गोवा महामार्गावर नागोठणं मागे टाकून सुकेळी खिंड उतरलात, की खांब येतं. थोडं पुढे कोलाड, आणि तिथे कुंडलिका नदी. राफ्टिंगला येणाऱ्यांना हा रस्ता पाठ आहे. पण समजा, तुम्हाला राफ्टिंग नाही, नदीकाठी उभं राहून मासा गरवायचाय. तोही फ्लाय रॉडने. ही काठी साधारण ९ फुटांची असते, म्हणजे जवळपास २७४ सेंटिमीटर. दिवा-रोहा गाडीच्या रॅकवर ती मावणार नाही, एसटीत कंडक्टर चढू देणार नाही आणि बाइकला आडवी बांधली तर समोरचा शिव्या देईल.

म्हणून ही काठी तुकड्यांत येते. बहुतेक वेळा चार. काठावर पोहोचायचं, तुकडे एकमेकांत खोचायचे आणि सुरुवात करायची. संध्याकाळी सोडवायचे आणि सॅकमध्ये टाकायचे.

गंमत म्हणजे या जोडांमध्ये ना आटे असतात, ना खिट्टी, ना गोंद. नुसतं खोचलेलं असतं. तरीही दिवसभर मागे-पुढे झटकून ते सुटत नाही. आणि एखाद्या दिवशी सुटलंच, तर काही हजारांची काठी तिथेच चिरते.

हे नेमकं कसं चालतं? जोड कसा बसवायचा, अडकला तर कसा काढायचा आणि काठी मोडते ती का? सगळं नीट समजून घेऊ.

आधी हे सांगा, फ्लाय रॉड म्हणजे काय?

रायगडात मासे पकडायच्या पद्धतींची कमी नाही. पहिल्या पावसात वलगणीचे मासे पकडायला रात्री बॅटऱ्या घेऊन निघणारी गावंच्या गावं आहेत. नदीत पाग टाकणारे आहेत, खाडीत गरी टाकून बसणारे आहेत. साध्या गरीला आपण एक वजन बांधतो आणि आमिष लावतो. दोर हलका असतो, वजन जड असतं. ते वजन भिरकावलं की मागोमाग दोर जातो.

फ्लाय फिशिंगमध्ये हे उलटं आहे. इथे आमिष म्हणजे पिसं आणि दोरा गळाला गुंडाळून बनवलेला नकली किडा किंवा नकली मासोळी. त्याला 'फ्लाय' म्हणतात. ती इतकी हलकी असते, की भिरकावली तरी लांब जात नाही. म्हणून वजन दोरात ठेवलेलं असतं. जाडसर, जड दोर हवेत मागे-पुढे झुलवायचा, त्याची वेटोळी उलगडत न्यायची आणि शेवटी पाण्यावर टाकायचा.

हे झुलवण्याचं काम काठी करते. प्रत्येक झोक्याला ती धनुष्यासारखी वाकते आणि सरळ होताना दोराला पुढे ढकलते. दिवसभरात असे शेकडो झोके होतात. त्यामुळे फ्लाय रॉडच्या जोडावर येणारा ताण हा काठावर रोवून ठेवलेल्या काठीपेक्षा वेगळा असतो. जोड सतत वाकतो, सरळ होतो, पुन्हा उलट्या बाजूला वाकतो. शिवाय हात अगदी सरळ रेषेत हलत नाही, त्यामुळे काठीला बारीकसा पीळही बसतो.

आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर जिताडा. पेण-अलिबागच्या खारेपाटात ज्याचं नाव काढलं तरी लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं, तोच हा मासा ऑस्ट्रेलियात बॅरामुंडी म्हणून ओळखला जातो आणि तिथे तो फ्लाय रॉडवर गरवायला लोक मुद्दाम जातात. हा मासा गळाला लागला की उसळी मारतो, झाडाच्या मुळांकडे पळतो. असा मासा ओढत असताना चार तुकड्यांची काठी एकसंध राहिली पाहिजे. ती राहते की नाही, हे तीन छोट्या जोडांवर ठरतं.

जोडाचं नाव: फेरूल

या जोडाला इंग्रजीतून आलेला शब्द आहे फेरूल. हा शब्द मासेमारीपुरता नाही. पेन्सिलच्या मागे खोडरबर धरून ठेवणारी पत्र्याची पट्टी असते ना, तीही फेरूलच. छत्रीच्या किंवा हातातल्या काठीच्या टोकाला बसवलेली धातूची टोपी, तीही फेरूल. जुन्या मासेमारीच्या काठ्यांमध्ये दोन तुकडे जोडायला धातूची नळी वापरायचे, तिथून हा शब्द काठीच्या जोडाला चिकटला. आता बहुतेक काठ्यांमध्ये धातू उरलेला नाही, नाव मात्र राहिलंय.

प्रत्येक जोडाला दोन बाजू असतात. आत जाणारं टोक आणि त्याला सामावून घेणारं पोकळ टोक. प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन ज्याला मेल-फिमेल म्हणतात, तेच इथेही म्हणतात. चार तुकड्यांच्या काठीत असे तीन जोड येतात.

आता हिशेब करा. काठी २७४ सेंटिमीटर. प्रत्येक जोडात एक तुकडा दुसऱ्यात साधारण ५ सेंटिमीटर शिरतो असं धरलं, तर तीन जोडांचे १५ सेंटिमीटर जास्तीचे लागतात. एकूण झाले २८९. त्याला चारने भागा. प्रत्येक तुकडा सुमारे ७२ सेंटिमीटरचा. हा तुकडा पाठीवरच्या मोठ्या सॅकला बांधता येतो, गाडीच्या डिकीत मावतो. चार तुकड्यांची काठी एवढी चालते त्यामागचं साधं कारण हेच.

मग हे घट्ट कसं बसतं?

याचं उत्तर तुमच्या स्वयंपाकघरात आहे.

स्टीलचे दोन पेले एकात एक ठेवलेत आणि जरा जोर लागला, की ते असे अडकतात की निघता निघत नाहीत. कुणी त्यांना गोंद लावलेला नसतो. मग असं का होतं? कारण पेला वर रुंद आणि खाली निमुळता असतो. आतला पेला खाली सरकत जातो, तशी दोघांमधली फट कमी होत जाते. शेवटी आतल्याची बाहेरची बाजू आणि बाहेरच्याची आतली बाजू गोलाकार सगळीकडून एकमेकींना भिडतात. अजून थोडं दाबलं की बाहेरचा पेला किंचित ताणला जातो आणि आतल्याला आवळून धरतो. हे आवळणं आणि दोन पृष्ठभागांमधलं घर्षण, एवढ्यावर ते टिकतं.

फ्लाय रॉडचा जोड म्हणजे हेच पेले. आत जाणारं टोक किंचित निमुळतं आणि पोकळ टोकाची आतली बाजूही त्याच उताराची. दोन्ही उतार जुळले, की पृष्ठभाग पूर्ण लांबीभर टेकतात.

हेच तत्त्व आणखी कुठे दिसतं? इंजेक्शनची सुई सिरिंजवर नुसती दाबून बसवतात, तिथे. तो निमुळता उतार जगभर ठरलेला आहे: ६ टक्के. म्हणजे १०० मिलिमीटर लांबीला ६ मिलिमीटर व्यास बदलतो. लेथ मशीनवर काम केलेल्यांना मोर्स टेपर माहीत असतो. ड्रिलचा निमुळता दांडा नुसता ठोकून बसवतात आणि तो फिरताना निसटत नाही. काढायला मात्र पाचर मारावी लागते.

उतार जितका सौम्य, तितकी पकड चांगली. उतार तीव्र असेल तर ताण आला की तुकडा बाहेर ढकलला जातो. उतार सौम्य असेल तर घर्षण त्याला जागच्या जागी ठेवतं. मात्र याची दुसरी बाजूही आहे. सौम्य उताराचा जोड जास्त जोरात दाबला, तर तो पेल्यांसारखाच अडकून बसतो.

बांबू, जर्मन सिल्व्हर ते कार्बन

तुकडे जोडायची सर्वात जुनी पद्धत आपल्या वाडीत आजही दिसते. आंबे काढायचा झेला वरच्या फांदीपर्यंत पोहोचत नसेल, तर काय करतो? दुसरा बांबू शेजारी धरतो, दोन्ही थोडे एकमेकांवर ठेवतो आणि सुतळीने गच्च बांधतो. जुन्या लाकडी काठ्या अशाच जोडायचे. दोन तुकड्यांची टोकं तिरकी कापून एकमेकांवर बसवायची आणि वरून दोरा गुंडाळायचा. काठी छान एकसंध वाकायची. पण दर वेळी बांधायचं आणि सोडायचं, यात वेळ जायचा.

मग धातूच्या नळ्या आल्या. आधी पितळेच्या, नंतर चांगल्या काठ्यांना 'जर्मन सिल्व्हर'च्या. नावात सिल्व्हर असलं तरी या धातूत चांदी अजिबात नसते. तांबं, निकेल आणि जस्त यांचा तो मिश्रधातू. एका तुकड्याला बाहेरची नळी, दुसऱ्याला आत जाणारी नळी. या दोन्ही इतक्या अचूक घासलेल्या असत, की काढताना बाटलीचं बूच निघाल्यासारखा 'टप्' आवाज यायचा.

या काळात काठी असायची बांबूची. पण अख्खा बांबू नाही. बांबूच्या बारीक त्रिकोणी पट्ट्या तासून, सहा पट्ट्या एकत्र चिकटवून षटकोनी काठी बनवायचे. याला स्प्लिट केन म्हणतात. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत या काठ्या बनू लागल्या तेव्हा त्यांचा बांबू भारतातून जायचा. व्यापारात त्याला 'कलकत्ता केन' म्हणत. नंतर चीनमधल्या टोंकिन बांबूने त्याची जागा घेतली.

धातूच्या जोडात दोन अडचणी होत्या. एक म्हणजे वजन. दुसरी जास्त महत्त्वाची: धातू वाकत नाही. काठी वाकत येते आणि नळीपाशी येऊन एकदम ताठ होते. जिथे लवचीक भाग संपून ताठ भाग सुरू होतो, त्या कडेवर सगळा ताण गोळा होतो. त्यात खारं पाणी लागलं की धातूवर थर चढतो आणि जोड जाम होतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर फायबर ग्लासच्या पोकळ काठ्या आल्या. पहिल्या काठ्यांना जोड मात्र जुनेच, धातूचे होते. १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या फेनविक कंपनीने 'फेरालाइट' नावाने काचतंतूचाच जोड बाजारात आणला. काठी पोकळ आहे, निमुळती आहे, मग तिचाच एक भाग दुसऱ्यात बसवला तर धातू कशाला हवा? ही कल्पना रुजली. १९७०च्या दशकात कार्बन फायबरच्या काठ्या आल्या, आणि आज तुम्ही दुकानातून घ्याल त्या जवळपास प्रत्येक फ्लाय रॉडमध्ये याच कल्पनेचं कुठलं तरी रूप असतं.

आजचे जोड कोणते?

१. टोपीसारखा जोड. सर्वात जास्त दिसणारा प्रकार. वरच्या, म्हणजे टोकाकडच्या तुकड्याचं खालचं तोंड थोडं रुंद केलेलं असतं. ते खालच्या तुकड्याच्या टोकावर पेनाच्या टोपणासारखं बसतं. हलका, मजबूत आणि काठी वाकताना जवळपास अडथळा न आणणारा.

२. स्पिगट. यात खालच्या तुकड्याच्या पोकळीत एक वेगळा छोटा दांडा कायमचा चिकटवलेला असतो. तो थोडा बाहेर आलेला असतो आणि त्यावर वरचा तुकडा बसतो. दोन्ही तुकड्यांची जाडी बाहेरून सारखी दिसते, त्यामुळे काठी देखणी वाटते. या प्रकारात जोडल्यावरही दोन तुकड्यांमध्ये काही मिलिमीटरची फट दिसते. नव्याने काठी घेणारे ती पाहून घाबरतात. पण ती मुद्दाम ठेवलेली असते. वापराने दांडा झिजतो आणि वरचा तुकडा हळूहळू खाली सरकतो. ती फट म्हणजे झिजेसाठी ठेवलेली जागा. फट बुजवायला जोर लावू नका. ती आपोआप पूर्ण बंद झाली असेल, तर मात्र जोड झिजलाय असं समजा.

३. बाहेरून बाही. दोन तुकड्यांवर बाहेरून एक जादा नळी, शर्टाच्या बाहीसारखी. एका तुकड्याला ती चिकटवलेली असते, दुसरा तीत शिरतो.

४. धातूचा जोड. आजही बांबूच्या काठ्या बनवणारे आणि वापरणारे आहेत. त्यांच्याकडे हाच असतो.

आणि आपल्या बाजारात मिळणारी टेलिस्कोपिक काठी? तिच्यातही निमुळता उतारच काम करतो, फक्त दिशा उलटी. तिथे तुकडे आतून बाहेर ओढायचे असतात. आतल्या तुकड्याचं बूड जाड आणि बाहेरच्याचं तोंड अरुंद, त्यामुळे ओढत नेलं की शेवटी तो अडकतो. बंद करायला सोपी, पण आत वाळूचा कण गेला की कुरकुरते आणि झिजते.

जोडायची योग्य पद्धत

१. पुसून घ्या. आत जाणारं टोक कोरड्या सुती फडक्याने पुसा. पोकळ टोकात फुंकर मारून पाहा. नदीकाठची रेती जोडात गेली तर ती सँडपेपरचं काम करते.

२. टोकाकडून सुरुवात करा. सर्वात बारीक तुकडा आणि त्याच्या खालचा तुकडा आधी जोडा. मग तिसरा, शेवटी मुठीचा.

३. हात जोडाजवळ धरा. दोन्ही हात जोडाच्या दोन बाजूंना, जवळ. लांब धरून ढकललं तर काठी मध्येच वाकते आणि बारीक तुकडा कटकन मोडू शकतो.

४. थोडं वळवून दाबा. काठीवर दोर ओवायच्या कड्या असतात. त्या शेवटी एका ओळीत यायला हव्यात. सुरुवातीला वरच्या तुकड्याच्या कड्या पाव वळशाएवढ्या बाजूला ठेवा आणि दाबत दाबत वळवून ओळीत आणा. या वळवण्याने जोड चांगला बसतो. बऱ्याच काठ्यांवर यासाठी दोन छोटे ठिपके दिलेले असतात, ते समोरासमोर आले की झालं. धातूच्या जोडाला मात्र वळवू नका. तो सरळ दाबायचा आणि सरळच ओढायचा. पिळलं की धातू आणि बांबूमधला गोंद सुटतो.

५. एका डोळ्याने बघा. बंदुकीचा नेम धरावा तसं मुठीकडून टोकाकडे पाहा. कड्या सरळ रेषेत आहेत ना?

६. हलवून बघा. काठी हलकेच झटका. 'टिक टिक' आवाज आला किंवा जोडापाशी ढिलेपणा जाणवला, तर पुन्हा बसवा.

किती जोर लावायचा? घट्ट हस्तांदोलन करतो तेवढा पुरे. दात-ओठ खाऊन नाही.

काठी मोडते ती का?

हा भाग सर्वात महत्त्वाचा आहे. मासा मोठा होता म्हणून काठी मोडली, असं सांगायला छान वाटतं. जोडापाशी चिरलेल्या काठीचं कारण मात्र अनेकदा साधं असतं: जोड ढिला झाला होता.

हे कसं घडतं ते पाहा. जोड पूर्ण बसलेला असतो तेव्हा वाकण्याचा ताण सगळ्या पाच-सहा सेंटिमीटरवर वाटला जातो. शेकडो झोक्यांच्या पिळाने तुकडा हळूहळू बाहेर सरकला, की टेकणारा भाग कमी होतो. आता तोच ताण सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरवर येतो, आणि सर्वात जास्त येतो पोकळ टोकाच्या कडेवर. आतला तुकडा तिथे पाचरीसारखा काम करतो. बांबू फोडताना कोयत्याचं पातं जसं तोंडावर बसतं, तसंच. कडेपासून उभी चीर जाते.

म्हणूनच पोकळ टोकाच्या तोंडाशी दोरा गुंडाळून वर लाखेसारखा थर दिलेला असतो. ती नक्षी नाही. लाकडी मुठीच्या तोंडाला लोखंडी कडी घालतात, लाकूड फुटू नये म्हणून, तेच काम हा दोरा करतो.

यावर उपाय फुकट आहे. दर अर्ध्या तासाने तिन्ही जोडांवरून हात फिरवा. सरकला असेल तर दाबून, ओळीत आणून बसवा. बस्स. काठी वाचवायची याहून स्वस्त युक्ती नाही.

मोडायची आणखी दोन कारणं. एक, दुसऱ्या काठीचा तुकडा वापरणं. तुकडे त्या-त्या काठीसाठी जुळवून घेतलेले असतात. एकाच मॉडेलच्या दोन काठ्या असल्या तरी अदलाबदल करू नका. दोन, गळ पाण्यातल्या दगडात अडकल्यावर काठीनेच हिसका देणं. अशा वेळी काठी खाली करा, दोर हाताला कापड गुंडाळून धरा आणि सरळ ओढा. तुटला तर दोर तुटेल, काठी नाही.

निघतच नाही, आता काय?

संध्याकाळ झालीय, परतीची गाडी आहे आणि मधला जोड जागचा हलत नाही. पहिला नियम: पक्कड नको. पोकळ नळी पकडीत दाबली की चिरडते. दुसरा नियम: कड्यांना धरून पिळायचं नाही.

गुडघ्यांची युक्ती. थोडं खाली बसा. काठी गुडघ्यांच्या मागे आडवी धरा. जोड मध्ये, दोन हात गुडघ्यांच्या बाहेरून जोडाच्या दोन बाजूंना. आता हात ताठ ठेवून गुडघे हळूहळू बाहेर फाकवा. पायांचा जोर हातांपेक्षा जास्त असतो आणि ओढ अगदी सरळ बसते.

दोघांची युक्ती. दोघं समोरासमोर उभे राहा. प्रत्येकाने आपला एक हात जोडाच्या एका बाजूला आणि दुसरा हात दुसऱ्या बाजूला धरायचा. मग दोघांनी एकदम ओढायचं. एकाने एक टोक आणि दुसऱ्याने दुसरं टोक धरून रस्सीखेच केली, तर जोड सुटतो तेव्हा दोघंही मागे पडतात आणि काठी कुठेतरी आपटते. प्रत्येकाचे हात दोन्ही बाजूंना असले की हे होत नाही.

पकड वाढवा. हात घामेजले असतील तर सायकलच्या जुन्या ट्यूबचे दोन तुकडे किंवा भांडी घासायचे रबरी हातमोजे कामाला येतात.

थंडावा. जोडाला थोडा वेळ बर्फ लावून पाहा आणि मग ओढा. उलट गरम करायला लायटर मात्र कधीही नको. कार्बनची काठी राळेने बांधलेली असते, आचेने ती कायमची कमकुवत होते.

मेण लावायचं की नाही?

कार्बन आणि फायबर ग्लासच्या जोडांना साधी पांढरी मेणबत्ती चालते. आत जाणाऱ्या टोकावर दोन-चार रेघा ओढायच्या आणि बोटाने पसरायच्या. ऐकायला विचित्र वाटेल, पण मेणाने दोन कामं होतात: जोड वापरताना कमी सरकतो आणि काढताना कमी अडकतो. मेण बारीक फटी भरतं आणि घासून होणारी झीज थोपवतं. जुनं, मळलेलं मेण अधूनमधून पुसून नवं लावा.

तेल किंवा ग्रीस मात्र नको. त्याने घर्षण कमी होतं, आणि जोड तर घर्षणावरच उभा आहे. धातूच्या जोडाला मेणही नको, तो नुसता स्वच्छ आणि कोरडा ठेवा.

रेवदंड्याच्या खाडीवर वगैरे गेला असाल तर घरी आल्यावर सगळे तुकडे गोड्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा आणि मगच नळकांड्यात भरा. काठी जोडलेलीच ठेवून महिनाभर कोपऱ्यात उभी करू नका. अडकलेल्या जोडांचं ते एक नेहमीचं कारण आहे.

काठी जोडण्याआधी वर बघा

शेवटची गोष्ट जोडाची नाही, जिवाची आहे.

कार्बन विजेचा वाहक आहे. म्हणजे चार तुकडे जोडून तुम्ही जे हातात धरता, ती नऊ फुटांची वीज वाहून नेणारी दांडी असते. तुमची उंची आणि वर केलेला हात धरला, तर टोक जमिनीपासून चार-साडेचार मीटरवर जातं. या परिसरात हे विसरून चालणार नाही. भिऱ्याचं जलविद्युत केंद्र १९२७ पासून चालू आहे आणि तिथली वीज उच्चदाबाच्या तारांमधून मुंबईकडे जाते. शिवाय गावागावांतल्या, शेतांवरून जाणाऱ्या, कधी झोळ पडलेल्या तारा वेगळ्याच. जास्त दाबाच्या तारेला टोक टेकायचीही गरज नसते, जवळ गेलं तरी वीज उडी मारू शकते.

म्हणून काठी गाडीजवळ, रस्त्याकडेला जोडून मग तारांखालून चालत जाऊ नका. तुकडे सुटेच न्या आणि काठावर, वर मोकळं आभाळ आहे याची खात्री करून जोडा. परत निघताना आधी सोडवा, मग चाला. आणि मे-जूनमध्ये किंवा परतीच्या पावसात ढग गडगडायला लागले, की काठी लगेच खाली ठेवा आणि सुरक्षित जागी जा.

याच भिऱ्यातून वीज बनवून सोडलेलं पाणी कुंडलिकेत येतं. कोलाडचं राफ्टिंग चालतं ते याच पाण्यावर. केंद्रातून पाणी सुटलं की नदीची पातळी वाढते, त्यामुळे पात्रात उतरण्याआधी पाणी कधी सुटणार हे गावात विचारा. मासे धरायला परवानगी लागते का, हेही तिथेच विचारा. अनेक तलाव मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात.

थोडक्यात

फ्लाय रॉडचा जोड म्हणजे एकात एक बसलेले दोन निमुळते पेले. घर्षण त्यांना धरून ठेवतं. ढिला जोड काठी फोडतो, अति घट्ट जोड अडकतो. पुसा, वळवून दाबा, अर्ध्या तासाने तपासा, सरळ ओढून काढा. आणि जोडण्याआधी एकदा मान वर करून तारा बघा.